नाव बदलाच्या कागदांवर गोल शिक्का लागतो का? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"गोल शिक्का मारून आणा." खिडकीपलीकडून एवढंच सांगितलं जातं. कुणाचा शिक्का, कोणत्या कागदावर, हे विचारायच्या आत पुढचा नंबर पुकारलेला असतो. नाव बदलाची कागदपत्रं तयार करून देताना मला फोनवर, व्हॉट्सअॅपवर पुन्हापुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. माहिती मुख्यतः महाराष्ट्रातल्या पद्धतीची आहे. गोवा आणि परदेश यांचे प्रश्न शेवटाकडे आहेत.

१. एका वाक्यात सांगा, शिक्का लागतो की नाही?

कागद कोणता, त्यावर ठरतं. राजपत्राच्या (गॅझेटच्या) पानावर लागत नाही. नोटरीसमोर केलेल्या प्रतिज्ञापत्रावर लागतो, आणि तो कायद्यानेच लागतो. स्वतः साक्षांकित केलेल्या झेरॉक्सवर तुमची सही पुरते.

मी लोकांना एक खूण सांगतो. शिक्का सहीच्या सोबतीला असतो. कुणीतरी अधिकारी "हे माझ्यासमोर झालं" किंवा "ही खरी नक्कल आहे" असं लिहून सही करतो, तेव्हा तो कोण आणि कोणत्या अधिकाराने सही करतोय हे शिक्का सांगतो. जिथे तुमच्या कागदावर अशी कुणाची सहीच नाही, तिथे शिक्का शोधत बसू नका.

२. स्टँप, स्टँप पेपर, शिक्का, सील हे सगळं एकच ना?

नाही, आणि निम्मा गोंधळ इथेच होतो. आपण बोलताना सगळ्यालाच "स्टँप" म्हणतो. ऑफिसात मात्र या वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

मुद्रांक, म्हणजे स्टँप पेपर, ही सरकारला शुल्क भरल्याची पावती समजा. त्यावर छापलेल्या चिन्हामुळे आतल्या मजकुराला कसलाही सरकारी दुजोरा मिळत नाही. पाचशेच्या स्टँप पेपरवर लिहिलेली थापसुद्धा थापच राहते. आडवा शिक्का म्हणजे अधिकाऱ्याचं नाव आणि पदनाम. गोल शिक्का म्हणजे कार्यालयाची मुद्रा. नोटरीचा गोल शिक्का मात्र त्या व्यक्तीचा असतो, कारण तिथे पद आणि माणूस एकच. याशिवाय नोटरीचं तिकीट, कोर्ट फीचं तिकीट ही पुन्हा शुल्काचीच रूपं.

"शिक्कामोर्तब" हा शब्द आपण रोज वापरतो, पण त्यातही दोन वस्तू आहेत. शिवकालीन पत्रांत माथ्यावर मुद्रा उमटवत आणि मजकूर संपला की खाली "मर्यादेयं विराजते" ही मोर्तब. पत्र इथे संपलं, याखाली कुणी ओळ घुसडू नये, एवढ्यासाठी ती असे. आजचा नोटरी प्रत्येक पानावर शिक्का मारतो त्यामागे हीच काळजी आहे.

३. राजपत्राची प्रिंट काढली, त्यावर कुठेच शिक्का नाही. बँकेने परत पाठवलं. आता काय करू?

राजपत्र हे प्रकाशन आहे. वर्तमानपत्राच्या प्रत्येक अंकावर संपादक सही करत नाही, तसंच हे. महाराष्ट्र शासनाच्या राजपत्राच्या भाग दोनमध्ये नाव बदलाच्या सूचना येतात. त्या शासकीय मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालय प्रसिद्ध करतं. खरेपणा तपासायचा तर अंकाची तारीख, भाग, पान क्रमांक आणि तुमच्या सूचनेचा क्रमांक घेऊन संकेतस्थळावरच्या अंकाशी ताडून पाहायचं. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ८ नुसार इलेक्ट्रॉनिक राजपत्रातली प्रसिद्धी ही राजपत्रातलीच प्रसिद्धी मानली जाते. केंद्राचं राजपत्र तर ऑक्टोबर २०१५ पासून फक्त इलेक्ट्रॉनिक स्वरूपातच निघतं. तिथे शिक्का मारणार कशावर?

बँकेसाठी आणखी एक मुद्दा हाताशी ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या केवायसी निर्देशांत स्पष्ट म्हटलंय की ओळखपत्र जुन्या नावाचं असलं, तरी सोबत राज्य सरकारने दिलेला विवाह दाखला किंवा नाव बदलाचं राजपत्र असेल तर ते चालतं. त्यात "शिक्का असलेलं राजपत्र" असा शब्द नाही. खिडकीवर वाद घालू नका. शाखा व्यवस्थापकाच्या नावाने अर्ध्या पानाचा अर्ज द्या, त्यात अंकाची तारीख आणि पान क्रमांक लिहा, नकार लेखी मागा. लेखी नकार मागितला की बहुतेक वेळा कागद आत घेतला जातो, असा माझा अनुभव.

पहिल्या पानासह संपूर्ण प्रिंट द्या. नुसती आपल्या नावाची ओळ कापून चिकटवलेला कागद कुणीही नाकारेल, आणि नाकारलाच पाहिजे.

४. राजपत्रात आलं म्हणजे सरकारने नाव मंजूर केलं ना? मग सरकारचा शिक्का का नाही?

कारण सरकारने मंजूर काही केलेलं नाही. राजपत्रात नाव बदलाच्या सूचनांच्या माथ्यावर एक टीप असते, ती जरूर वाचा. या सूचना संबंधितांच्या अर्जावरून, कागदपत्रांची पडताळणी न करता छापल्या आहेत आणि मजकुराच्या सत्यतेची जबाबदारी शासन घेत नाही, असा तिचा आशय आहे. म्हणजे "मी आजपासून अमुक नाव लावतो" हे तुम्ही सांगितलं आणि सरकारने ते जाहीर केलं. तुम्ही कोण हे राजपत्र प्रमाणित करत नाही, म्हणूनच आधार, पॅन, बँक यांच्याकडे बाकीचे पुरावे पुन्हा द्यावे लागतात.

५. एजंट म्हणतो, जादा पैसे दिले तर राजपत्रावर गोल शिक्का मारून देतो. घेऊ का?

घेऊ नका. मुद्रणालयातून येणाऱ्या पानावर जो शिक्का नसतोच, तो एजंट कुठून आणणार, याचा विचार करा. मी अशी एक प्रिंट पाहिली आहे. त्यावर जांभळ्या शाईत अशोकस्तंभ, खाली वाचता न येणारी अक्षरं, आणि शिक्का बरोबर पान क्रमांकावर मारलेला. म्हणजे जी गोष्ट तपासायची तीच झाकलेली. राजचिन्हाच्या गैरवापरासाठी २००५ चा स्वतंत्र कायदा आहे आणि बनावट शिक्का बनवणं, बाळगणं भारतीय न्याय संहितेखाली गुन्हा आहे. कागद तुमच्या नावाचा असतो, त्यामुळे पहिला जाब तुम्हालाच विचारला जातो.

एखाद्या कार्यालयाने खरोखरच प्रमाणित प्रत मागितली असेल, तर प्र. ९ पाहा.

६. प्रतिज्ञापत्रावर नोटरीची सही आहे, शिक्का राहिला. चालेल का?

चालणार नाही. नोटरी अधिनियम, १९५२ च्या कलम ८(२) प्रमाणे सही आणि अधिकृत शिक्का दोन्ही असल्याशिवाय ते काम नोटरीचं मानलंच जात नाही. नाव बदलाच्या सगळ्या कागदांत शिक्क्याची इतकी स्पष्ट सक्ती मला इतरत्र क्वचितच दिसते.

शिक्का कसा असावा हेही १९५६ च्या नियमांत दिलंय. साधा गोल, व्यास ५ सेंटिमीटर, त्यात नोटरीचं नाव, ज्या क्षेत्रासाठी नेमणूक आहे ते क्षेत्र, "नोटरी" हा शब्द आणि नेमणाऱ्या सरकारचं नाव. लाल किंवा सोनेरी चकती चिकटवतात ती शोभेची. असली तरी हरकत नाही, पण ती शिक्क्याची जागा घेत नाही.

टेबलावरून उठण्याआधी कागद उजेडात धरून पाहा. शिक्क्यातलं नाव वाचता येतंय का? नोंदवहीचा अनुक्रमांक आणि तारीख लिहिली का? नोटरीच्या प्रमाणपत्राची मुदत पाच वर्षं असते; ती संपलेली नाही ना? खाडाखोड झाली असेल तिथे छोटी सही आहे का? आणि तुमची सही शिक्क्याखाली गाडली गेलेली नाही ना? गेल्या पावसाळ्यात एका ताईंचं प्रतिज्ञापत्र एवढ्यावरून परत आलं. ओला पॅड, दाबून मारलेला शिक्का, आणि त्यांचं नवं आडनाव त्याखाली एक निळसर डाग होऊन बसलेलं. ज्या शब्दासाठी सगळा खटाटोप, तोच वाचता येईना.

७. नोटरी चांगला की तहसीलदार? कुणाचा शिक्का "जास्त चालतो"?

शपथ देण्याचा अधिकार दोघांनाही आहे. कागद घेणाऱ्या कार्यालयाने "कार्यकारी दंडाधिकाऱ्यांसमोर" असं लिहिलं असेल तर तहसीलदार किंवा नायब तहसीलदार यांच्याकडे जा. "नोटरीसमोर" लिहिलं असेल तर नोटरीकडे. काहीच लिहिलं नसेल तर जे जवळ ते. दोघांचे शिक्के एकाच कागदावर घेण्यात काही अर्थ नाही, पण "दोन घेऊन ठेवले, असू देत" म्हणणारे भेटतात.

८. स्टँप पेपर शंभरचा की पाचशेचा? आणि तो नसेल तर शिक्का बाद होतो का?

महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रतिज्ञापत्रासह अनेक दस्तांचं किमान मुद्रांक शुल्क १०० वरून ५०० रुपये झालं. शंभरचा जमाना संपला तो तेव्हा. पण शासकीय कार्यालयात किंवा न्यायालयात सादर करायच्या प्रतिज्ञापत्रांवरचं शुल्क १ जुलै २००४ च्या आदेशाने माफ आहे. साध्या कागदावरचं प्रतिज्ञापत्र म्हणून ते तिथे चालायला हवं. खासगी कंपनी, विमा, सोसायटी यांच्यासाठी केलेलं प्रतिज्ञापत्र या माफीत येत नाही.

शुल्क आणि शिक्का यांचा एकमेकांशी संबंध नाही (प्र. २). शुल्क कमी पडलं तर तो शुल्काचा दोष, शपथेचा नाही.

९. "ट्रू कॉपी" आणि "प्रमाणित प्रत" यांत फरक काय? दोन्हींवर शिक्का हवा का?

ट्रू कॉपी म्हणजे मूळ कागद पाहून कुणीतरी झेरॉक्सवर "खरी प्रत" लिहून सही केली. पूर्वी यासाठी राजपत्रित अधिकारी शोधत लोक कॉलेजांच्या प्राचार्यांच्या दारात उभे राहायचे. महाराष्ट्रात २०१५ च्या शासन निर्णयानंतर शासकीय सेवांसाठी स्वयंसाक्षांकन आणि स्वयंघोषणापत्र पुरतं. झेरॉक्सवर तुमची सही, नाव, तारीख, आणि मूळ प्रत दाखवायची तयारी, एवढंच.

प्रमाणित प्रत वेगळी. ती ज्या कार्यालयाच्या ताब्यात मूळ नोंद आहे तेच देतं. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ७५ प्रमाणे प्रतीच्या तळाशी ती खरी नक्कल असल्याचा दाखला, तारीख, अधिकाऱ्याचं नाव आणि पदनाम हवं. शिक्का? त्या अधिकाऱ्याला कायद्याने मुद्रा वापरण्याचा अधिकार असेल तर. ही अट वाचायची राहते आणि "शिक्का नाही म्हणजे नक्कल खोटी" असा निष्कर्ष निघतो. आधी त्या पदाला मुद्रा आहे का ते विचारा.

१०. लग्नानंतर आडनाव बदललं. राजपत्र, नोटरी, शिक्के सगळं करावं लागेल?

आडनाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही, हे आधी. बदललं असेल तर बहुतेक ठिकाणी विवाह नोंदणीचा दाखला पुरतो. १९९८ च्या महाराष्ट्र कायद्याखालचा हा दाखला महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीतले निबंधक देतात. त्यावर त्यांची सही असते आणि हाताने दिलेल्या दाखल्यावर कार्यालयाचा गोल शिक्काही. लग्नपत्रिका, भटजींचं पत्र, हॉलची पावती हे नोंदणी करताना उपयोगी पडतात. त्यांवर कितीही शिक्के मारले तरी तो दाखला होत नाही.

सासरी पहिलं नावही बदललं असेल तर विवाह दाखल्यात तो बदल आपोआप येत नाही. तिथे राजपत्राचा रस्ता धरा.

११. पासपोर्टसाठी परिशिष्ट नोटरी करून न्यावं लागतं ना?

डिसेंबर २०१६ पासून नाही. परिशिष्टं, म्हणजे अर्जासोबतचे ठरावीक नमुने, साध्या कागदावर स्वयंघोषणा म्हणून द्यायची. नोटरी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर शपथ लागत नाही. तरीही सायबर कॅफेवाले सवयीने नोटरीकडे पाठवतात. लग्नामुळे नव्हे, तर पूर्ण नाव बदललं असेल तर कोणते पुरावे लागतील ते पासपोर्ट सेवा संकेतस्थळावरच्या डॉक्युमेंट अॅडव्हायझरमध्ये आपला प्रकार निवडून पाहा. तिथे न सांगितलेला शिक्का कुणी मागितला तर नियम दाखवायला सांगा.

१२. जन्मदाखल्यात नवं नाव घातलं. शेजारी नुसती सही-तारीख आहे, शिक्का नाही. नोंद कच्ची राहिली का?

नाही. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १५ मध्ये दुरुस्तीची रीत ठरलेली आहे. मूळ नोंद तशीच ठेवायची, समासात नवी नोंद करायची, निबंधकाने सही करून तारीख घालायची. त्या समासातल्या नोंदीसाठी कलमात शिक्क्याचा उल्लेख नाही. जुनं नाव खोडून वर नवं लिहिलेलं दिसलं तर मात्र काळजी करा, मग शिक्का असो वा नसो.

१३. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर नवं नाव घालून मुख्याध्यापक शिक्का मारून देतील का?

शाळेत असताना रीतसर अर्ज करून बदल होतो. शाळा सोडल्यावर दाखला ही त्या दिवशीच्या नोंदीची नक्कल असते. लेखनचूक दुरुस्त होऊ शकते, पण पुढे हौसेने किंवा गरजेने बदललेलं नाव मागच्या तारखेने घालता येत नाही. मुख्याध्यापक ओळखीचे आहेत म्हणून हाताने नाव बदलून गोल शिक्का मारून घेतलेले दाखले पडताळणीत अडकतात, कारण शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये जुनंच नाव असतं. जुना दाखला आणि राजपत्र जोडीने लावा.

बोर्डाच्या प्रमाणपत्रांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने ३ जून २०२१ रोजी सीबीएसईच्या प्रकरणात नाव हा अभिव्यक्तीचा भाग मानला आणि राजपत्रासारख्या पूर्ततेनंतर बदलाला वाट ठेवली. आपल्या बोर्डाचे नियम त्या-त्या बोर्डाकडून पाहून घ्या.

१४. डिजिटल सही असलेल्या पीडीएफवर पिवळं प्रश्नचिन्ह दिसतं. सायबरवाल्याने प्रिंटवर स्वतःचा शिक्का मारून दिला. चालेल?

सायबरवाल्याचा शिक्का म्हणजे त्याच्या दुकानाची जाहिरात. प्रश्नचिन्हाचा अर्थ सही खोटी असा नाही. तुमच्या संगणकाने ती अजून तपासलेली नाही, एवढाच. पीडीएफ अॅक्रोबॅटमध्ये उघडून सहीच्या चौकोनावर क्लिक करा, प्रमाणपत्राला विश्वासू ठरवून पुन्हा तपासा. हिरवी खूण आली की झालं. कागदावर छापल्यावर ती सही नुसतं चित्र उरते, म्हणून मूळ फाइल जपून ठेवा आणि ईमेलने तीच पाठवा. डिजिलॉकरमधून निघालेले दाखले नियमांनुसार मूळ प्रतीच्या बरोबरीचे आहेत.

१५. कागद परदेशात द्यायचे आहेत. तिथे कोणता शिक्का?

इथे शिक्क्याला खरं वजन येतं. भारत १४ जुलै २००५ पासून हेग अपॉस्टिल कराराखाली आहे. अपॉस्टिल म्हणजे परदेशात दाखवायच्या कागदावरच्या सही-शिक्क्याबद्दलचा दाखला. तो मजकूर खरा असल्याचं सांगत नाही. सही कुणाची, ती कोणत्या पदावरून केली आणि शिक्का कुणाचा, एवढंच सांगतो. म्हणजे ज्या कागदावर सही-शिक्का काहीच नाही, त्यात प्रमाणित करायला काही उरत नाही. यामुळेच सहसा राजपत्राच्या नुसत्या प्रिंटऐवजी नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र किंवा प्रत पुढे करतात. आधी राज्य सरकारच्या संबंधित विभागाची किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्यांची मोहोर, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल.

संयुक्त अरब अमिरातींसारखा देश करारात नसेल तर अपॉस्टिलऐवजी परराष्ट्र मंत्रालयाचं साक्षांकन आणि त्या देशाच्या दूतावासाचा शिक्का लागतो. दुबईला निघालेल्यांनी तिकीट काढण्याआधी हे करावं. कॅनडात ११ जानेवारी २०२४ पासून करार लागू आहे, त्यामुळे नातेवाइकांचे जुने सल्ले तिथे लागू पडत नाहीत.

१६. आणि उलट? अमेरिकेतल्या कोर्टाचा आदेश किंवा इंग्लंडचा डीड पोल भारतात दाखवायचा असेल तर?

अमेरिकेत कोर्टाच्या प्रमाणित प्रतीवर बहुधा उठावाचा शिक्का असतो. बोटाला लागतो, स्कॅनमध्ये दिसत नाही. तो दिसावा म्हणून मूळ प्रतीवर पेन्सिल घासू नका. बाजूने तिरका उजेड पाडून फोटो घ्या, अक्षरं उठून दिसतात. अपॉस्टिल त्या-त्या राज्याकडून घ्यायचं; न्यू जर्सीत ते राज्याचं ट्रेझरी खातं देतं.

इंग्लंडची गंमत वेगळी. डीड पोल म्हणजे नाव बदलल्याचा स्वतः सही केलेला दस्त (डीड). तिथे १९८९ च्या कायद्यापासून व्यक्तीने केलेल्या डीडला मोहोर लागत नाही, सही आणि साक्षीदार पुरतात. लाल गोल स्टिकर ही हौस. पण तोच बिनशिक्क्याचा डीड पोल इथल्या कार्यालयात ठेवला की "हे तर घरी टाइप केलेलं दिसतंय" असं ऐकायला मिळतं. म्हणून तिथल्या सॉलिसिटर किंवा नोटरीकडून प्रमाणित करून, ब्रिटिश परराष्ट्र खात्याचं अपॉस्टिल लावूनच आणा.

१७. गोव्यात जन्म, आता राहायला पुण्यात. महाराष्ट्राचं राजपत्र गोव्याच्या जन्मनोंदीला चालेल का?

त्यावर विसंबू नका. गोव्यात नाव-आडनाव बदलासाठी १९९० चा स्वतंत्र कायदा आहे. त्यात जाहीर नोटीस, हरकती आणि मग जन्मनोंदीत बदल अशी वाट आहे. गोव्याची नोंद गोव्याच्याच पद्धतीने बदलते.

१८. तृतीयपंथी व्यक्तींनाही राजपत्र आणि नोटरीच्या याच फेऱ्या का?

२०१९ च्या कायद्याखाली जिल्हा दंडाधिकाऱ्यांचं ओळख प्रमाणपत्र मिळतं. लिंगबदलाच्या वैद्यकीय उपचारांनंतरच्या सुधारित प्रमाणपत्राच्या आधारे जन्मदाखल्यासह इतर कागदांत पहिलं नाव बदलण्याचा हक्क कायद्याच्या कलम ७ मध्येच दिलाय. वेगळं प्रतिज्ञापत्र मागणाऱ्या कार्यालयाला ते कलम दाखवा. आडनावही बदलायचं असेल तर त्या भागासाठी नेहमीची पद्धत.

१९. शिक्क्यातल्या नावाचं स्पेलिंग आणि अधिकाऱ्याच्या सहीखालचं नाव जुळत नाही. माझी चूक नाही, तरी कागद परत. काय करू?

दोनच कारणं सहसा निघतात. एक, साहेब बदलून गेले आणि जुन्याच आडव्या शिक्क्यावर नव्या साहेबांनी सही केली. दुसरं, "करिता" सही, म्हणजे वरिष्ठांच्या वतीने दुसऱ्याने केलेली. "करिता" सही चालते, पण कुणी केली त्याचं नाव-पद खाली हवं. पहिल्या प्रकारात त्याच कार्यालयातून नवा कागद घ्या; जुन्या शिक्क्यावर पेनाने नाव खोडून वर लिहून घेऊ नका. आणि नवा कागद हातात आला की खिडकीसमोरच उभं राहून वाचा. मागचे लोक कुरकुरतील, कुरकुरू देत.